स्वादुपिंडाचा दाह आणि मुके प्राणी : राझीच्या माकडापासून परळच्या प्रयोगशाळेपर्यंत

मानवी शरीरात जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून, सुमारे वीतभर लांबीचा एक मऊ अवयव आडवा पडलेला असतो. मराठीत त्यास आपण स्वादुपिंड म्हणतो, हिंदीत अग्न्याशय म्हणतात, उर्दूत लबलबा. फारसीतील नाव लौजुल-मेदा, म्हणजे पोटातील बदाम, हे या सर्वांत गोड आहे. ग्रीकांनी त्याला 'पॅन्क्रिआस' म्हटले. त्याचा अर्थ 'सगळे मांसच'. त्यात हाड नाही, कूर्चा नाही, म्हणून हे नाव. अरबी हकिमांनी हाच ग्रीक शब्द आपल्या उच्चारात बसवून घेतला. एवढ्या भाषांत एवढी नावे असूनही हा अवयव नेमके काय करतो, हे सतराव्या शतकापर्यंत कोणालाच सांगता आले नव्हते. जठराला टेकण्यासाठी निसर्गाने दिलेली उशी, इतकीच जालीनूसच्या (गॅलेनच्या) परंपरेत त्याची ओळख होती.

या अवयवाला अचानक सूज येते तेव्हा त्यास तीव्र स्वादुपिंडदाह म्हणतात. बेंबीच्या वर असह्य कळ उठते, ती पाठीत जाते, उलट्या होतात, आणि वाईट प्रसंगी काही दिवसांत मूत्रपिंडे व फुप्फुसे एकामागून एक बंद पडतात. स्वादुपिंड रोज दीड-दोन लिटर पाचकरस तयार करते. मांस, चरबी, पिष्ट यांचे पचन करणारा हा रस आतड्यात जाऊन कामाला लागावयाचा असतो. तो स्वादुपिंडातच जागा झाला तर अवयव स्वतःलाच पचवू लागतो. हान्स कियारी यांनी १८९६ साली मांडलेली ही कल्पना आजही मूलतः मान्य आहे.

हा रोग माणसात डोळ्यांनी पाहणे कठीण. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा आतील नाट्याचा पहिला अंक संपलेला असतो, आणि या अवयवाचा तुकडा जिवंतपणी काढून पाहणे धोक्याचे. म्हणून वैद्यकशास्त्राने हा रोग प्राण्यांत मुद्दाम निर्माण करून अभ्यासला. प्रस्तुत लेखात या प्रयत्नाचा इतिहास, त्यात आपल्या कोकण-गोव्याचा व मुंबईचा वाटा, आणि प्राण्याच्या वेदनेचा प्रश्न या तिन्ही गोष्टी एकत्र पाहण्याचा प्रयत्न आहे. लेखक वैद्यक शाखेचा नाही, भाषेचा आहे. परंतु या इतिहासातील अर्धी साधने अरबी-फारसी परंपरेतून येतात आणि ती आपल्या विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांपर्यंत क्वचितच पोहोचतात, म्हणून हा खटाटोप.

हकिमांचा वारसा

औषध आधी प्राण्यावर तपासावे, हा विचार युरोपातील प्रबोधनकाळात जन्मला असे आपल्या पाठ्यपुस्तकांवरून वाटते. प्रत्यक्षात अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया अल-राझी (निधन इ.स. ९२५ च्या सुमारास) यांनी आपल्या घरी पाळलेल्या माकडाला पारा पाजून त्याचा परिणाम पाहिला होता. माकडाने पोट धरले, ते वेदनेने वळवळले, यापलीकडे मोठा अपाय दिसला नाही, असे ते नोंदवतात. नोंद लहान आहे, पण तिच्यात प्रश्न आहे, निरीक्षण आहे आणि अनुमानही आहे. अंदलुसमधील इब्न झुहर (निधन ११६२) यांनी श्वासनलिकेला छेद देण्याची शस्त्रक्रिया माणसावर करणे योग्य की नाही हे ठरविण्यासाठी ती आधी एका शेळीवर केली. जखम भरून येईपर्यंत त्या शेळीची निगा राखली, शेळी जगली. रुग्णाच्या गळ्यावर चाकू ठेवण्यापूर्वी आपला हात तपासून घेण्याची ही वृत्ती आजच्या शल्यविद्येच्या कोणत्याही पाठात शोभून दिसेल.

याच परंपरेत उलट बाजूही आहे. रक्ताचे फुप्फुसातील अभिसरण प्रथम सांगणारे इब्न अल-नफीस (निधन १२८८) स्पष्ट लिहितात की शरीयत आणि आपल्या स्वभावातील दया या दोन गोष्टींनी आपल्याला विच्छेदनापासून दूर ठेवले. इतके मोठे शारीरशास्त्रीय सत्य सांगणाऱ्या माणसाचे हे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. राझी आणि इब्न अल-नफीस या दोघांनाही आपण आपलेच मानतो. मग या प्रश्नावर एकच 'इस्लामी भूमिका' सांगण्याची घाई कोणी करू नये.

ही विद्या गोव्यात आली ती दोन वाटांनी. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी हकीम होतेच. १५३४ साली गोव्यात उतरलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य व मित्र झाला, आणि तेथील हकिमांशी चर्चा करून त्याने वनस्पतींची अरबी नावे व गुण गोळा केले. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात इब्न सीनाचे नाव वारंवार येते. सापाशी झुंजणारे मुंगूस एक विशिष्ट मुळी खाते, हे पाहून लोकांनी सर्पदंशावरील औषध ओळखले, ही हकीकतही त्यात आहे. प्रयोग म्हणता येणार नाही, पण प्राण्याच्या वागण्यातून औषध शोधण्याची दृष्टी त्यात निश्चित आहे. पुढे १८४२ साली पणजीत वैद्यकीय-शल्य विद्यालय सुरू झाले. आजच्या बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा तेथपर्यंत जाते. तेथील फ्रोयलानो द मेलो (१८८७-१९५५) यांनी परजीवीशास्त्रात नाव मिळवले. स्वादुपिंडाची कथा मात्र आधी पॅरिस-लंडनला, मग मुंबईला जाते.

कुत्र्याचे स्वादुपिंड

स्वादुपिंडाची नळी १६४२ साली पादुआ येथे विर्सुंग याने शोधली. १६६४ साली डच तरुण रेनिए द ग्राफ याने जिवंत कुत्र्याच्या या नळीत पिसाची पोकळ काडी बसवून पाचकरस बाहेर काढला. तेव्हापासून अडीचशे वर्षे कुत्रा हा या अवयवाच्या संशोधनाचा कायमचा बळी ठरला.

पहिला खरा 'नमुना' क्लोद बर्नार यांचा. १८५६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात त्यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त व ऑलिव्हचे तेल घालून दाह निर्माण केल्याची नोंद केली. प्रयोगशाळेत तीव्र स्वादुपिंडदाह हातांनी घडविण्याचा हा आरंभ मानला जातो. बर्नार हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्राचे शिखर. परंतु त्यांच्या घरात या प्रयोगांनी दुही माजवली. पत्नी त्यांना सोडून गेली आणि मुलींसह जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांविरुद्ध उभी राहिली. शास्त्राच्या इतिहासात हा तपशील तळटीपेत टाकला जातो. तो मुख्य मजकुरात यावयास हवा असे माझे मत आहे.

माणसातील रोगाचे सुसंगत वर्णन त्यानंतर आले. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ साली ते केले. त्याच वर्षी मेरिंग व मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकताच त्याला मधुमेह होतो हे दाखविले. १९२१ साली टोरोंटोत बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिनपर्यंत मजल मारली ती याच वाटेने. १९०१ साली बाल्टिमोरच्या युजीन ओपी यांना एका मृत रुग्णाच्या शवविच्छेदनात पित्तनलिका व स्वादुपिंडनलिका जेथे एकत्र आतड्यात उघडतात त्या तोंडाशी अडकलेला बारीक खडा सापडला. खडा वाट अडवतो, पित्त उलटे स्वादुपिंडात शिरते, असे त्यांनी अनुमान केले आणि कुत्र्याच्या नळीत पित्त सोडून ते तपासले. पित्ताशयातील खडे हे या रोगाचे एक प्रमुख कारण आहे, हे आज दवाखान्यातील प्रत्येक डॉक्टर जाणतो. ते ज्ञान या खड्यापासून सुरू होते.

आता लंडनकडे वळू. १९०२ च्या जानेवारीत बेलिस व स्टार्लिंग यांनी कुत्र्यावरील प्रयोगात 'सिक्रेटिन' शोधले. आतड्यातून रक्तात जाणारा व स्वादुपिंडाला रस सोडण्यास सांगणारा हा निरोप्या. 'हार्मोन' ही संकल्पना त्यातून पुढे आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्टार्लिंग यांनी एका तपकिरी कुत्र्याची स्वादुपिंडाची नळी बांधून टाकली. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९०३ मध्ये, त्याचे पोट पुन्हा उघडून परिणाम पाहिला गेला, आणि मग तोच कुत्रा बेलिस यांच्याकडे विद्यार्थ्यांसमोरील लाळग्रंथीच्या प्रात्यक्षिकासाठी देण्यात आला. वर्गात बसलेल्या दोन स्वीडिश विद्यार्थिनींनी, लिझी लिंड-आफ-हागेबी व लेइसा शार्टाऊ यांनी, जुनी जखम पाहिली, कुत्रा पुरेसा बेशुद्ध नव्हता असे लिहून ठेवले आणि ते पुस्तकरूपाने छापले. एकच प्राणी एकाहून अधिक प्रयोगांसाठी वापरण्यास १८७६ च्या ब्रिटिश कायद्याने मनाई होती. स्टीफन कोलरिज यांनी जाहीर आरोप केला, बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये जिंकला. २००० पौंड भरपाई मिळाली. पण प्रकरण मिटले नाही. १९०६ साली बॅटर्सी भागात त्या कुत्र्याचे स्मारक उभे राहिले, १९०७ च्या डिसेंबरात वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध दंगे केले, आणि १९१० साली नगरपालिकेने पुतळा गुपचूप हलविला. १९८५ मध्ये तेथे दुसरा पुतळा बसला.

प्राण्यांवरील प्रयोगांविषयीचा विसाव्या शतकातील पहिला मोठा सार्वजनिक वाद स्वादुपिंडाच्या नळीवरून सुरू झाला, ही गोष्ट जीवशास्त्राच्या वर्गात सांगितली जात नाही. विद्यार्थ्याला सिक्रेटिन पाठ असते, तो कुत्रा माहीत नसतो.

पेडण्याचा डॉक्टर, खोजा समाज आणि मुंबई

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ साली बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या पदवीधरांत पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे डॉ. भाऊ दाजी (निधन १८७४), होते. पुरातत्त्व, नाणी, शिलालेख यांमुळे ते अधिक ओळखले जातात, पण कुष्ठरोगावर देशी वनस्पतीचे औषध शोधण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खर्च केली. पाश्चात्त्य शिक्षण घेतलेला आपल्या भागातील पहिल्या पिढीचा हा वैद्य जुन्या औषधीज्ञानाला तुच्छ लेखत नव्हता.

त्याच कॉलेजात ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतील प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन आले. लस तयार झाल्यावर आधी सशांवर, आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या शरीरावर त्यांनी ती टोचून घेतली. हा क्रम महत्त्वाचा: आधी मुका जीव, मग स्वतः, मग स्वेच्छेने पुढे आलेले लोक. त्या वेळी विशीत असलेले तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी खुशरू लॉज ही आपली वास्तू दिली, स्वतः उघडपणे लस घेतली आणि हजारो खोजा मुस्लिमांनी त्यांचे अनुकरण केले. लसीविषयी अफवांचे पीक आलेल्या शहरात एका मुस्लिम समाजाने विज्ञानाच्या बाजूने टाकलेले हे पाऊल आपल्या संस्थांच्या इतिहासात आठवणीने सांगितले पाहिजे. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून तिला हाफकिन संस्था हे नाव आहे. परळचा हा परिसर आपल्या कथेत पुन्हा येणार आहे, तो विंचवामुळे.

लाल विंचू

जांभ्या दगडाचे गडगे, शाकारणीची छपरे, शेणी-लाकडांचे ढीग. विंचवाला लपण्यास याहून चांगली जागा नाही. पेडणे-डिचोलीपासून वर रायगडपर्यंत गावोगावी 'विंचू उतरवणारा' असे, मंत्र घालणारा असे, आणि काळ्या विंचवाचा दंश एरवीही प्राणघातक नसल्यामुळे त्याची कीर्ती टिकून राही. लाल विंचू मात्र आकाराने लहान असून मारतो, मुलांना विशेषतः. त्याचे विष मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते, त्यामुळे अॅड्रिनालिनसारखी द्रव्ये व असिटिलकोलीन यांचा शरीरात पूर येतो. आधी घाम, उलट्या, लाळ. मग रक्तदाब भडकतो. मग हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते.

विंचू आणि स्वादुपिंड यांचे नाते प्रथम ठळकपणे दिसले ते त्रिनिदाद बेटावर. तेथील कोर्टनी बार्थोलोम्यू यांनी १९७० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले की विंचवाने दंश केलेल्या त्यांच्या बहुसंख्य रुग्णांना तीव्र स्वादुपिंडदाह झाला होता. १९७६ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी याचे कारण प्रायोगिक अभ्यासातून शोधले. स्वादुपिंडाच्या पेशींना रस सोडण्याची आज्ञा मज्जातंतू असिटिलकोलीनद्वारे देतात. विषामुळे ही आज्ञा थांबतच नाही. कीटकनाशकाच्या, विशेषतः ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील विषाच्या बाधेतही असाच दाह का होऊ शकतो, याचा उलगडाही त्यातून होतो. काजू-भाताला फवारणी करणाऱ्या आपल्या भागात ही माहिती शेतकऱ्यांपर्यंत गेली पाहिजे.

मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती हे लाल विंचवाच्या विषाचा प्रयोगातील प्राण्यांवर अनेक वर्षे अभ्यास करीत होते. १९८९ साली 'इंडियन जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी'त त्यांनी व सहकाऱ्यांनी असे मांडले की या विषाने हृदयस्नायूचा दाह झालेल्या प्राण्यांत तीव्र स्वादुपिंडदाहही होतो. आपल्याच मातीतील विषाने, आपल्याच शहरात घडलेला तीव्र स्वादुपिंडदाहाचा हा नमुना. मूर्ती यांचा निष्कर्ष असा की विषाने इन्सुलिनचे काम दडपले जाते, म्हणून इन्सुलिन व ग्लुकोज द्यावे.

त्याच सुमारास महाडला वेगळेच काम चालले होते. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. हाताशी प्रयोगशाळा नव्हती, कुत्रे-ससे नव्हते. रात्रभर मुलांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा लिहून ठेवणे एवढेच साधन. १९८२ साली 'द लॅन्सेट'ने त्यांची निरीक्षणे छापली. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी येथे उपयोगी पडेल असे त्यांना सुचले, आणि १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आले. कोकणातील मृत्यूंचे प्रमाण त्यानंतर झपाट्याने खाली आले. २०११ च्या सुरुवातीस 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या महाडच्या ७० रुग्णांच्या चाचणीत प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिन दिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले: दहा तासांत सुमारे ९१ टक्के, विरुद्ध सुमारे २३ टक्के. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

येथे थांबून दोन्ही कामांची तुलना करणे भाग आहे. महाडच्या रुग्णांना मारणारा धोका हृदय व फुप्फुस हाच होता. त्रिनिदादचा विंचू वेगळा आणि त्याचा स्वादुपिंडावरील रोख वेगळा. परळच्या प्राण्यांत दिसलेला स्वादुपिंडदाह खरा होता, पण उपचाराची दिशा शेवटी खाटेजवळच्या निरीक्षणातून निघाली. यावरून प्रयोगशाळा निरुपयोगी, असे म्हणणारे लोक आहेत. मला तसे वाटत नाही. विष शरीरात काय करते याचे ज्ञान प्राण्यांवरील प्रयोगांतूनच जमले होते. बावस्करांचे निदान त्या ज्ञानावर उभे आहे. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येते, हेही विसरून चालणार नाही. परंतु रोग्याचे म्हणणे ऐकणारा माणूस नसेल तर शंभर कुत्र्यांचा अहवालही रोग्याच्या कामी येत नाही, हे महाडने दाखवून दिले.

बेडूक, उंदीर आणि फेणी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुत्रा मागे पडला व उंदीर पुढे आला. १९६७ साली इटालियन शास्त्रज्ञ व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातील एका हिरव्या बेडकाच्या कातडीतून 'सेरुलिन' हे द्रव्य वेगळे केले. ते आपल्या आतड्यातील एका हार्मोनसारखे वागते. १९७७ मध्ये लाम्पेल व केर्न यांनी ते प्रमाणाबाहेर देऊन उंदरांत स्वादुपिंडदाह घडविला. आज जगभर सर्वाधिक वापरला जाणारा नमुना हाच: सुई टोचा, काही तासांत सूज, आणि बहुतेक प्राणी आपोआप बरे. तीव्र, जीवघेणा दाह हवा असेल तर नळीत पित्ताम्ल सोडतात किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल मोठ्या मात्रेत देतात. १९७५ साली लोम्बार्डी व सहकाऱ्यांनी कोलीन काढून घेतलेल्या व इथिओनीन मिसळलेल्या खाद्याने उंदीर आजारी पाडले. (पावसाळ्यात गोव्यात 'जंपिंग चिकन' या नावाने बेडूक चोरून खाल्ले जातात व वन खाते त्यांच्या मागे असते. बेडकाच्या कातडीतही औषधशास्त्राची एक शाखा लपली आहे, हे खाणाऱ्यास कोण सांगणार?)

या नमुन्यांनी पेशीच्या आत काय घडते ते उलगडले. रस साठविणाऱ्या पिशव्या व पेशीतील विघटक पिशव्या एकमेकींत मिसळतात, कॅथेप्सिन-बी हे द्रव्य ट्रिप्सिनला अवेळी जागे करते, हे मायकेल स्टीअर व मूळचे भारतीय अशोक सलुजा यांच्या कामातून स्थिर झाले. मग २०११ साली सलुजांच्याच गटाने उंदरांतील मुख्य ट्रिप्सिनजनक जनुक काढून टाकले, आणि तरीही सेरुलिनने दाह झालाच. आपणच रचलेल्या सिद्धांताला आपणच धक्का देणे, हे शास्त्राचे सौंदर्य आहे.

मद्याचे कोडे अजून सुटलेले नाही. पित्तखडे आणि मद्य ही या रोगाची दोन मुख्य कारणे. पेडणे-डिचोलीच्या डोंगरांवर मार्चपासून काजूच्या बोंडांचा वास दरवळतो, भट्ट्या लागतात, हुर्राक व मग फेणी निघते. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक ओळखीचे मानांकनही मिळाले. मद्य हराम मानणाऱ्या आपल्या समाजातील घरेही या संकटापासून पूर्ण मुक्त आहेत असे म्हणण्याइतके भोळे आपण नसावे. परंतु उंदराला कितीही मद्य पाजले तरी केवळ तेवढ्याने त्याला स्वादुपिंडदाह होत नाही. त्यावर आणखी एक आघात, म्हणजे हार्मोन किंवा जंतुविष, द्यावा लागतो. माणसांतही अतिमद्यपान करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा रोग होतो. म्हणजे नमुना येथे खोटे बोलत नाही. मद्याबरोबर आणखी काय लागते हे शोधा, असे तो सांगतो. वंशपरंपरेचा भाग एक असावा. हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील गिरिराज चांडक व सहकाऱ्यांनी २००२ साली भारतातील उष्णकटिबंधीय स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांत स्पिंक-१ या जनुकातील बदल दाखविला, तो याच दिशेचा दुवा.

अपयशाची यादी मात्र लांब आहे. प्राण्यांत गुणकारी ठरलेली अॅप्रोटिनिन, गॅबेक्सेट, लेक्सिपाफांट ही औषधे माणसांत ठसा उमटवू शकली नाहीत. सर्वांत कटू उदाहरण हॉलंडचे. उंदरांत उपयुक्त दिसलेले हितकारक जिवाणू तीव्र रोगाच्या रुग्णांना दिले गेले. २००८ साली निकाल आला: जिवाणू मिळालेल्या १५२ जणांपैकी २४ दगावले, न मिळालेल्या १४४ पैकी ९. निरोगी तरुण उंदीर, दिवसा-वेळेला घडविलेला रोग, दाहाच्या आधीच दिलेले औषध. आणि दुसरीकडे दोन दिवस कळा सोसून उशिरा आलेला साठीचा माणूस. दोघांत अंतर राहणारच. आजही या रोगावर खास औषध नाही. शिरेतून योग्य प्रमाणात द्रव, वेदनाशमन, लवकर सुरू केलेले अन्न, खडा असल्यास तो काढणे, हाच उपचार. द्रवदेखील भरमसाट देऊ नये, हे २०२२ च्या एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले.

हलाल, जरूरत आणि कायदा

सूरह अनआममध्ये पृथ्वीवरील प्राणी व पक्षी यांना तुमच्यासारख्याच 'उम्मती' म्हटले आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा, या हदीस आपल्या मुलांना मकतबमध्येच माहीत होतात. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. दुसरीकडे फिकहमध्ये जरूरतीचे तत्त्व आहे: जीव वाचविण्यासाठी एरवी निषिद्ध असलेली गोष्ट गरजेपुरती चालते. इमाम अल-हाफिज बशीर अहमद मसरी यांनी १९८९ च्या 'अॅनिमल्स इन इस्लाम' या पुस्तकात या दोन टोकांमधील जागा तपासली. माझ्या वाचनाप्रमाणे कसोटी 'गरजेपुरती' या शब्दात आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठीचा प्रयोग आणि विंचवाच्या विषावरील प्रयोग यांना एका तागडीत घालता येत नाही.

जुनाट स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांपुढे हा प्रश्न रोज ताटात येतो. अन्न पचत नाही म्हणून दिल्या जाणाऱ्या पाचकद्रव्यांच्या कॅप्सुला बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. अनेक मुस्लिम रुग्ण हे कळताच त्या मुकाट्याने बंद करतात व वाळत जातात. डॉक्टरला कारण सांगत नाहीत. पर्याय नसताना अशा औषधास मुभा असल्याचे मत जरूरतीच्या तत्त्वावर अनेक विद्वानांनी दिले आहे. ते मत रुग्णापर्यंत नेणे हे डॉक्टरइतकेच आलिमांचे व आपणा शिक्षकांचे काम आहे. मानवी इन्सुलिन १९८२ पासून जिवाणूंकडून तयार होऊ लागले आणि इन्सुलिनपुरता हा पेच सुटला. पाचकद्रव्यांचा सुटावयाचा आहे.

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. तो प्रयोगांना परवानगी देतो, पण देखरेखीसाठी समितीची तरतूद करतो. ती १९६४ साली प्रथम नेमली गेली आणि १९९८ च्या नियमांनी तिला दात आले. प्रत्येक संस्थेत नीतिसमिती, नोंदणी, प्राण्यांची संख्या व वेदनाशमन यांचा हिशेब द्यावा लागतो. रसेल व बर्च या इंग्रज लेखकद्वयाने १९५९ साली सुचविलेली त्रिसूत्री, म्हणजे पर्याय वापरा, संख्या घटवा, यातना कमी करा, ही या नियमांमागची विचारधारा. महाविद्यालयीन प्राणिशास्त्राच्या वर्गातील बेडूक-झुरळांचे विच्छेदन विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून कमी करत आणून २०१४ मध्ये बंद केले. औषधचाचणीच्या नियमांत २०२३ साली दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशी, कृत्रिम अवयव व संगणकीय पद्धती यांनाही मान्यता मिळाली.

स्वादुपिंडाच्या बाबतीत हे पर्याय अजून बाल्यावस्थेत आहेत. या अवयवाच्या पेशी शरीराबाहेर काढताच स्वतःचाच रस ओतून मरू लागतात. त्या काही दिवस टिकवणे हेच मोठे काम. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी स्वादुपिंडाचे बारीक काप तगवून त्यांवर दाह घडविण्याचे प्रयत्न चालू आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विषय सुचविणाऱ्या आपल्या जीवरसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी या कामाकडे पाहावे. त्याला कुत्रा लागत नाही, प्राणिगृह लागत नाही. लागते ती जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यविभागाशी ओळख आणि तेथील नीतिसमितीची मंजुरी.